वाइल्ड कार्ड फेरी सप्टेंबरातच निम्मी खेळून झालेली असते

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये 162 सामन्यांतले 101 जिंकणारा संघ तीन दिवसांत घरी जातो, हा कुठला न्याय? त्यालाच जोडून आणखी दोन प्रश्न आहेत: उत्तम चाललेला पिचर (चेंडू फेकणारा) मॅनेजर मध्येच का काढतो, आणि पहिल्या फेरीतून सूट मिळालेले बलाढ्य संघ पुढच्या फेरीत का ढेपाळतात? तुम्ही पुण्यात रात्र जागून हे सामने बघता, तेव्हा दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही. मी साताऱ्यात असताना मध्यमगती गोलंदाज होतो, आणि गेली 19 वर्षं न्यू जर्सीत कॉलेजवयीन मुलांना पिचिंग शिकवतोय. त्यामुळे मला या फेरीत सगळ्यात आधी दिसतात ते दमलेले आणि न दमलेले खांदे.

आधी रचना थोडक्यात सांगतो. 2022 पासून मेजर लीगच्या प्लेऑफमध्ये 12 संघ येतात, अमेरिकन लीगचे सहा आणि नॅशनल लीगचे सहा. प्रत्येक लीगमधल्या तीन डिव्हिजनच्या, म्हणजे गटांच्या, विजेत्यांपैकी ज्या दोघांची कामगिरी सरस, ते थेट दुसऱ्या फेरीत जातात. तिसरा विजेता आणि तीन वाइल्ड कार्ड संघ (डिव्हिजन न जिंकलेल्यांतले सर्वोत्तम तीन) पहिली फेरी खेळतात. तिसऱ्याची गाठ सहाव्याशी, चौथ्याची पाचव्याशी. तीनपैकी दोन सामने जिंकायचे, आणि तिन्ही सामने वरच्या क्रमांकाच्या संघाच्याच मैदानावर, सलग तीन दिवस. मध्ये सुट्टी नाही. आयपीएलमध्ये पहिल्या दोघांना हरल्यावर आणखी एक संधी मिळते, इथे पहिल्या दोघांना विश्रांती मिळते. बाकीच्यांचं पोट या तीन दिवसांवर.

आता 101 सामने जिंकणाऱ्यांकडे वळू. तुम्ही म्हणताय ते 2022 चे न्यूयॉर्क मेट्स. त्यांच्यावर अन्याय झाला असं माझे इथले मित्रही म्हणतात, पण मला ते पटत नाही. 1 जूनला मेट्स आपल्या डिव्हिजनमध्ये अटलांटा ब्रेव्ह्जच्या साडेदहा सामने पुढे होते. ती आघाडी हळूहळू विरघळली आणि मोसमाच्या शेवटच्या शुक्रवार ते रविवारी ते अटलांटात जाऊन थडकले. जेकब डिग्रॉम, मॅक्स शर्झर आणि ख्रिस बॅसिट, त्यांचे तिन्ही मुख्य पिचर त्या तीन सामन्यांत उतरले आणि तिन्ही सामने मेट्सनी गमावले. शेवटी दोन्ही संघांचे विजय 101 झाले. पूर्वी अशी बरोबरी झाली की 163 वा सामना व्हायचा. 2022 पासून तो बंद झाला आणि आपसातल्या सामन्यांचा हिशेब लागू झाला. तो हिशेब ब्रेव्ह्जच्या बाजूने 10-9 असा निघाला. अटलांटात एक, फक्त एक सामना जिंकला असता तर मेट्स पहिल्या फेरीत आलेच नसते. मग आले ते कसे? पहिल्या सामन्यात सॅन दिएगो पाद्रेसनी शर्झरला चार होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे) मारले आणि 7-1 ने जिंकले. दुसरा सामना डिग्रॉमने 7-3 असा सावरला. तिसऱ्यात पाद्रेसच्या जो मसग्रोव्हने नऊपैकी सात इनिंग टाकून बॅटरांना एकच यशस्वी फटका, म्हणजे हिट, दिला आणि मेट्स 0-6 ने बाहेर पडले.

तीन दिवसांत 101 विजयांची माती झाली असं टीव्हीवर दिसलं. माझ्या मते मेट्सची किंमत अटलांटातच ठरली होती, सॅन दिएगोने ती फक्त वसूल केली. ही फेरी म्हणजे पहिल्या दोघांत न आल्याचा दंड आहे आणि तो असायलाच हवा. पहिल्या क्रमांकाला काही मोलच नसेल तर एप्रिलपासून 162 सामने खेळायचे कशाला?

तरीही तीन सामने फार कमी, हे तुमचं म्हणणं आकड्यांत बघू. समजा एखादा संघ समोरच्याविरुद्ध शंभरातले 60 सामने जिंकेल इतका चांगला आहे. एकच सामना ठेवला तर त्याची शक्यता अर्थातच 60 टक्के. तीनपैकी दोन ठेवले तर ती जाते 65 टक्क्यांच्या जवळ, आणि सातपैकी चार ठेवले तर 71 पर्यंत. म्हणजे तीनाचे सात सामने केले तरी वाढ सहा-सात टक्क्यांचीच. त्यात प्लेऑफला आलेल्या दोन संघांमध्ये 60-40 इतका फरक सहसा नसतोच. 55-45 धरा, की तीन सामन्यांत चांगल्या संघाची शक्यता साडेसत्तावन्न टक्के उरते. बेसबॉल हा खेळच असा आहे. लाकडाच्या गोल दांड्याने गोल चेंडू मारायचा, त्यात अर्ध्या इंचाने नशीब फिरतं. लांबलचक मालिका ठेवल्याने ते पूर्ण काबूत येत नाही.

एक सामन्याचा प्रयोगही होऊन गेलाय. 2012 पासून 2021 पर्यंत, मधलं 2020 सोडून, पहिली फेरी एकाच सामन्याची होती. त्याच्या पहिल्याच वर्षी अटलांटात काय झालं ते आठवतं का? आठव्या इनिंगमध्ये डाव्या आउटफिल्डमध्ये, आतल्या फील्डरांपासून बऱ्याच लांब पडलेल्या चेंडूवर पंचांनी 'इनफील्ड फ्लाय' दिला (आतल्या फील्डरला सहज झेलता येईल अशा उंच चेंडूवर, झेल सुटला तरी बॅटर बाद). अटलांटाचा बॅटर बाद ठरला, प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, खेळ 19 मिनिटं थांबला, आणि पाहुणे कार्डिनल्स 6-3 ने जिंकले. अटलांटाच्या चिपर जोन्ससारख्या दिग्गज खेळाडूची कारकीर्द त्या गोंधळात संपली. एका निर्णयावर अख्खं वर्ष टांगलेलं असणं मला कधीच आवडलं नाही. तीन सामन्यांत निदान दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा मैदानावर येता येतं.

आता खांद्यांकडे येतो, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची मुळं तिथे आहेत.

सुरुवात करणारा पिचर, ज्याला आम्ही स्टार्टर म्हणतो, एका सामन्यात साधारण 90 ते 100 चेंडू टाकतो. त्यानंतर त्याला निदान चार दिवस मोकळे लागतात. क्रिकेटचा वेगवान गोलंदाज एका दिवसात 20 षटकं टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, म्हणून आपल्या माणसांना हे लाड वाटतात. मलाही सुरुवातीला वाटायचं. पण पिचरला धाव घेऊन अंगाचा वेग चेंडूत ओतायची सोय नसते. उभ्या जागेवरून एक पाऊल पुढे टाकून तो ताशी दीडशे किलोमीटरच्या वर चेंडू फेकतो. तो सगळा भार कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या अस्थिबंधावर (लिगामेंटवर) आणि खांद्यावर येतो. शंभर चेंडूंनंतर दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर नेतानाही ओढ लागते. मागून येणारे रिलीव्हर कमी चेंडू टाकतात, म्हणून ते लागोपाठ दोन दिवस चालतात. तिसऱ्या दिवशी मात्र तोच चेंडू किंचित संथ येतो, किंचित कमी वळतो. एवढं त्या पातळीवरच्या बॅटरला पुरतं.

म्हणजे सलग तीन दिवसांच्या या फेरीत एका संघाकडे जास्तीत जास्त तीन स्टार्टर आणि दोन दिवसांची रिलीव्हरांची ताकद असते. आणि हे तीन स्टार्टर ताजे मिळणार की नाही, हे शेवटच्या आठवड्यात त्यांना कधी वापरलं यावर ठरतं. ज्याची जागा बुधवारीच पक्की झाली तो संघ आपला सर्वोत्तम पिचर राखून ठेवतो. ज्याला रविवारपर्यंत झुंजावं लागलं तो त्याला रविवारी वापरून रिकाम्या हाताने मंगळवारी पोचतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण 2024 चं. हेलीन चक्रीवादळामुळे मेट्स आणि ब्रेव्ह्ज यांचे अटलांटातले दोन सामने राहून गेले. मोसम रविवारी संपला, पण या दोघांना सोमवारी, 30 सप्टेंबरला, एकाच दिवशी दोन सामने खेळावे लागले. दोघांनाही एकेक विजय हवा होता. पहिला मेट्सनी 8-7 असा जिंकला, दुसरा ब्रेव्ह्जनी 3-0 असा, दोघंही आत आले, आणि त्याच जागांसाठी झगडणारा बिचारा ॲरिझोनाचा संघ घरी बसून बाहेर गेला. ब्रेव्ह्जचा ख्रिस सेल त्या वर्षीचा नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर होता. त्याची पाठ त्याच दिवशी धरली. रात्री विमानाने देशाच्या दुसऱ्या टोकाला सॅन दिएगो गाठायचं आणि मंगळवारी खेळायचं. उतरवणार कोणाला? त्यांनी एजे स्मिथ-शॉव्हर या 21 वर्षांच्या पोराला चेंडू दिला. त्या मोसमात त्याआधी तो मेजर लीगमध्ये एकच सामना खेळला होता. पाद्रेसकडून मायकेल किंग ताजातवाना उतरला, सात इनिंगमध्ये 12 बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करून गेला. 4-0. दुसऱ्या दिवशी ब्रेव्ह्ज 5-4 ने हरले आणि संपले. स्मिथ-शॉव्हरला कोणी दोष देऊ नये. पत्ते आधीच खेळून झाले होते.

हे मी स्वतः भोगलंय, म्हणून जास्त लागतं. काही वर्षांपूर्वी आमच्या उन्हाळी लीगमध्ये शेवटच्या शनिवारी वरचा क्रमांक मिळवायच्या नादात मी माझा सर्वोत्तम पिचर सात इनिंग चालवला. क्रमांक मिळाला. सोमवारी प्लेऑफचा पहिला सामना होता. मुलगा म्हणत होता, "कोच, मी टाकतो." त्याचा चेहरा आजही आठवतो. मी नाही म्हटलं, आणि आम्ही हरलो. सोमवारचा नकार बरोबर होता, चूक शनिवारची होती. तेव्हापासून मी शेवटचे दहा दिवस उलट्या बाजूने मांडतो: प्लेऑफच्या पहिल्या दिवसापासून मागे मागे येत कोणाचा कोणता दिवस, ते भिंतीवर लावतो.

आता मॅनेजर चांगला पिचर का काढतो? त्याला दोन भीती असतात. हातचं राखलं तर ते न वापरताच हरू, आणि सगळं आज ओतलं तर उद्या काय? 2016 च्या ऑक्टोबरात बॉल्टिमोर ओरिओल्सचे मॅनेजर बक शोवॉल्टर यांच्या बाबतीत पहिली भीती खरी ठरली. तेव्हा एकच सामना होता, उद्या नव्हताच. त्यांचा क्लोजर (शेवटी येऊन आघाडी राखणारा पिचर) झॅक ब्रिटन त्या मोसमात 47 पैकी 47 सामने वाचवून आला होता. टोरंटोत सामना 11 व्या इनिंगमध्ये 2-2 असा अडकला. आघाडी मिळेल तेव्हा क्लोजर, या ठोकताळ्यापायी ब्रिटन बुलपेनमध्येच (राखीव पिचर बसतात तिथेच) बसून राहिला आणि एडविन एन्कार्नासिओनने उबाल्डो हिमेनेसच्या चेंडूवर तीन धावांचा होम रन मारून सामना संपवला. पिचिंगच्या प्रत्येक वर्गात मी हा सामना सांगतो.

दुसरं टोक 2023 चं. पुन्हा टोरंटोचंच, पण या वेळी मिनेसोटात. टोरंटोच्या होसे बेरिओसने तीन इनिंग एकही धाव न देता टाकल्या होत्या, अवघे 47 चेंडू. चौथ्यात पहिल्या बॅटरला वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस) मिळाला आणि मॅनेजरने त्याला काढून डावखुऱ्या युसेई किकुचीला आणलं. समोरच्या संघाला आपले डावखुरे बॅटर बदलायला लावायचे, असा आधीच ठरवलेला बेत होता. त्याच इनिंगमध्ये मिनेसोटाने दोन धावा काढल्या आणि सामना 2-0 असाच संपला. कागदावर बेत चुकीचा नव्हता. डावखुऱ्या-उजव्या जोड्यांचा हिशेब खराच असतो. पण बेरिओसचा हात त्या दिवशी कसा चाललाय, चेंडू कुठे बसतोय, कॅचरचा ग्लोव्ह हलतो की स्थिर राहतो, हे डोळ्यांनी दिसत होतं, आणि डोळ्यांना दिसलेलं आदल्या रात्रीच्या कागदाने झाकलं. मी असतो तर त्याला आणखी निदान एक इनिंग दिली असती.

याच्या बरोबर उलट चित्र बघायचं तर 2025 ची न्यूयॉर्क यँकीज विरुद्ध बॉस्टन मालिका. माझ्या मते 2022 पासूनची ही सगळ्यात शिकण्यासारखी तीन दिवसांची मालिका आहे. पहिल्या दिवशी बॉस्टनच्या गॅरेट क्रोशेने पावणेआठच्या आसपास इनिंग एकट्याने टाकल्या आणि बॉस्टन 3-1 ने जिंकलं. यँकीजचा मॅक्स फ्रीड सातव्या इनिंगपर्यंत एकही धाव न देता चालला होता, तो गेल्यावर रिलीव्हरने आघाडी घालवली. तोवर 2022 पासूनच्या 12 मालिकांमध्ये पहिला सामना जिंकणाराच पुढे गेला होता, प्रत्येक वेळी. त्यामुळे यँकीज संपले असंच सगळे म्हणत होते. पण दुसऱ्या दिवशी बॉस्टनने आपला स्टार्टर ब्रायन बेयो तिसऱ्याच इनिंगमध्ये काढला आणि उरलेला सामना रिलीव्हरांच्या अंगावर टाकला. तो सामना त्यांनी 4-3 ने गमावलाही. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडून नवखे पिचर. बॉस्टनचा कॉनली अर्ली चौथ्या इनिंगमध्ये कोसळला, चार धावा गेल्या. यँकीजचा कॅम श्लिटलर मात्र थांबलाच नाही. बॉस्टनजवळच वाढलेला, जुलैत मेजर लीगमध्ये आलेला हा मुलगा आठ इनिंग चालला. 12 स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही, एकही धाव नाही. 4-0. त्याला न काढण्याचा निर्णय हाही निर्णयच असतो, आणि तिसऱ्या दिवशी दमलेल्या बुलपेनला त्याच्याइतकं सुख दुसरं नाही.

विश्रांतीच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. सूट मिळालेले संघ ढेपाळतात, हा समज मुख्यतः 2022 आणि 2023 मुळे तयार झाला. 111 सामने जिंकलेले डॉजर्स, मग 104 जिंकलेले ब्रेव्ह्ज, 101 जिंकलेले ओरिओल्स असे एकामागून एक पडले. पण चार वर्षांचा हिशेब मांडला तर थेट दुसऱ्या फेरीत आलेल्या 16 पैकी 9 संघांनी ती फेरी जिंकली: 2022 मध्ये दोन, 2023 मध्ये एक, 2024 आणि 2025 मध्ये तीन-तीन. म्हणजे जरा जड पारडं त्यांचंच. विजेतेपदही 2022 आणि 2024 ला सूट मिळालेल्यांना गेलं, 2023 आणि 2025 ला पहिल्या फेरीतून चढलेल्यांना. पाच दिवस न खेळल्याने बॅटरची लय थोडी मोडते, हे मी नाकारत नाही. वेगवान चेंडूची वेळ डोळ्यांतून लवकर जाते. पण त्याच पाच दिवसांत पिचर ताजे होतात आणि स्टार्टर हवे त्या क्रमाने लावता येतात. मला दोन्हींतून एक निवडायला सांगितलं तर मी डोळे मिटून विश्रांती घेईन.

घरच्या मैदानाचंही असंच आहे. तिन्ही सामने घरी मिळूनही त्याच चार वर्षांतल्या पहिल्या फेरीच्या 16 मालिकांपैकी घरचा संघ 7 वेळाच जिंकला. प्रेक्षकांचा आवाज खरा असतो, पण तो दमलेल्या हाताला वेग देत नाही.

आणि एक गोष्ट, कारण तुम्ही जागरण करणार आहात. प्लेऑफमध्ये जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर फुकटचा धावपटू ठेवायचा नियम लागू नसतो, त्यामुळे सामना कितीही लांबू शकतो. 2022 मध्ये क्लीव्हलंडमध्ये 15 व्या इनिंगपर्यंत 0-0 होतं. टॅम्पा बेकडून शेवटी कोरी क्लूबर पिचिंगला आला. याच क्लीव्हलंडसाठी खेळताना त्याने दोनदा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला होता. त्याच मैदानावर ऑस्कर गोन्झालेसने त्याच्या चेंडूवर होम रन मारला आणि मालिका संपली.

पुढच्या सप्टेंबरात हे करून बघा. शेवटच्या रविवारी कोण पिचर उतरले ते लिहून ठेवा, प्रत्येक संघाची जागा कोणत्या दिवशी पक्की झाली तेही. मग प्रत्येक मालिकेच्या तीन दिवसांसमोर ताज्या स्टार्टरांची नावं भरा. ज्या संघाच्या तिन्ही चौकटी भरतात त्याच्या बाजूने बघायला बसा. दिवसाचा पहिला सामना इथे दुपारी एकच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे तुमच्याकडे रात्री साडेदहा. शेवटचा तुमच्या पहाटे साडेपाच-साडेसहाच्या आसपास. चारही बघणं शक्य नाही, नोकरी आहे. मंगळवार-बुधवार झोपा, धावफलक सकाळी वाचा, आणि गुरुवारी तिसरा सामना उरला असेल तर तो पहिल्या चेंडूपासून बघा. बुधवारी कोणत्या रिलीव्हरने किती चेंडू टाकले ते शेजारी लिहिलेलं असू द्या. सातव्या इनिंगमध्ये बुलपेनचं दार उघडेल तेव्हा आतून कोण येतोय आणि का, ते समालोचकाच्या आधी तुम्हाला कळेल.